एका हॉलमधले दोन पिंजरे

प्रिय ताई,

माझी मुलगी ११ वर्षांची आहे. तिच्या वाढदिवसाला आम्ही तिला तीन पांढरे उंदीर घेऊन दिले, तिघीही माद्या. त्याला आठ महिने झाले. दोन महिन्यांपूर्वी माझे धाकटे दीर नोकरीसाठी बाहेर गेले आणि त्यांची फेरेटची (मुंगसासारख्या लांबट, पाळीव प्राण्यांची) जोडी आमच्याकडे ठेवून गेले. नराचं खच्चीकरण झालेलं आहे, मादीचं ऑपरेशन झालेलं नाही. जागा अपुरी म्हणून दोन्ही पिंजरे हॉलमध्ये समोरासमोर ठेवले आहेत. सुरुवातीला उंदीर खूप पळापळ करायचे. आता मात्र एकदम शांत झालेत, दिवसरात्र आपल्या घरट्यात बसून असतात. मुलगी म्हणते, त्यांना सवय झाली, आता हळूहळू दोस्ती करून देऊ. तिने तसे व्हिडिओ पाहिले आहेत. माझा धीर होत नाही. शिवाय फेरेटच्या वासाने जीव नको झालाय. दर चार दिवसांनी अंघोळ घालते, तरी वास वाढतोच. ते काहीही खातात असं दीर म्हणाले म्हणून आमच्या ताटातलंच त्यांना देतो. उंदरांचा पिंजरा मुलगी दर दोन दिवसांनी जंतुनाशकाने धुऊन काढते, तरी त्यातली एक सारखी शिंकते. आम्ही कुठे चुकतोय?

ता. क. फेरेटच्या मादीच्या शेपटीखाली तीनेक आठवड्यांपासून बरीच सूज आहे. दीर म्हणाले, माजावर आली की असं होतं, आपोआप उतरतं.

एक गोंधळलेली आई


प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ता. क.पाशी अडखळले. म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते. बाकीचं उत्तर सवडीने वाचा, पण एवढा भाग वाचून झाला की आधी डॉक्टरांना फोन लावा.

भाऊजी म्हणाले ते अर्धं बरोबर आहे. मादी माजावर आली की शेपटीखाली अशी सूज येते. पण ती आपोआप उतरेल हा भरवसा कुत्रीच्या बाबतीत ठीक, फेरेटच्या बाबतीत नाही. फेरेटच्या मादीत बीज सुटतं ते नराशी संग झाल्यावर. संग झालाच नाही तर तिचा माज सरत नाही, दिवस मोठे असतील तोवर महिनोन्‌महिने तसाच चालू राहतो. या सगळ्या काळात तिच्या रक्तात इस्ट्रोजेन हे मादीचं संप्रेरक चढंच राहतं आणि त्याचा मारा होतो अस्थिमज्जेवर, म्हणजे जिथे रक्त तयार होतं त्याच जागेवर. आधी रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी होतात, मग तांबड्या आणि पांढऱ्याही. महिनाभराच्या पुढे हे लांबलं तर मादी दगावू शकते, आणि फेरेट पाळणाऱ्यांच्या घरात अशा कितीतरी माद्या 'आपोआप उतरेल' या वाक्यावर गेल्या आहेत. तुमच्याकडे तीन आठवडे होऊन गेलेत.

आत्ता तिला मांडीवर घ्या आणि वरचा ओठ अलगद उचलून हिरड्या बघा. त्या गुलाबी असायला हव्यात. फिकट दिसल्या, पोटाच्या कातडीखाली टाचणीच्या टोकाएवढे लाल-जांभळे ठिपके किंवा वळ दिसले, शेपटीचे केस विरळ झालेले असले किंवा मागचे पाय ओढत चालत असली, तर आजच्या आज निघा. यातलं काहीही नसलं तरी दोन दिवसांच्या पुढे थांबू नका. डॉक्टर बहुधा आधी रक्त तपासतील, कारण रक्त पातळ झालेलं असताना ऑपरेशन जोखमीचं असतं. माज उतरवायला हार्मोनचं इंजेक्शन असतं, कातडीखाली बसवायचं डेस्लोरेलिन या औषधाचं इम्प्लांट असतं, आणि गर्भाशय-बीजांड काढण्याचं ऑपरेशन असतं. ऑपरेशन झालेल्या फेरेटना, त्यातही लहानपणीच केलेल्यांना, पुढे मूत्रपिंडाजवळच्या अॅड्रिनल ग्रंथीचा आजार जास्त होतो, म्हणून बरेच डॉक्टर आता इम्प्लांटकडे झुकतात. कोणता मार्ग घ्यायचा ते तपासणीनंतर त्यांनाच ठरवू द्या. फोनवर मात्र एक प्रश्न न लाजता विचारा: 'तुम्ही याआधी फेरेटवर उपचार केले आहेत का?' कुत्र्यामांजरांचे उत्तम डॉक्टरही कधी कधी या प्राण्यापुढे नवखे असतात.

आणि तिथे गेल्यावर दोघांच्या लसींचंही विचारून घ्या. कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर फेरेटना झाला तर जवळपास हमखास जीव घेतो. रेबीजची लसही लागते. लस टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसा, काहींना त्याची लगेच रिअॅक्शन येते.

आता उंदरांकडे येते.

तुम्ही लिहिलंत, 'आता एकदम शांत झालेत.' या वाक्याने मला फार बेचैन केलं. मी स्वतः अनेक वर्षं उंदीर पाळले आहेत, आणि रात्री दिवे मालवून त्यांच्या पिंजऱ्याशेजारी मंद लाल दिवा लावून बसण्याचा मला छंद होता. लाल उजेड त्यांना फारसा जाणवत नाही, त्यामुळे त्यांचा खरा संसार तेव्हा दिसतो. सुखात असलेला उंदीर कसा दिसतो ते सांगते. तो मागच्या पायांवर बसतो, पुढचे दोन्ही पंजे चाटतो, त्यांनी नाक पुसतो, मग मिशा, मग कानांमागून पुढे असे हात फिरवतो, मग पाठ, कूस, पोट, आणि सगळ्यात शेवटी शेपूट दोन्ही हातांत धरून मुळापासून टोकापर्यंत चाटत नेतो. दोरी वळणाऱ्या माणसासारखा दिसतो तेव्हा. मग चाकावर जातो, कागदाचा तुकडा दातात धरून फरफटत घरट्यात नेतो, परत येतो. रात्रभर हे चालू असतं. पाळीव उंदरांची रात्र शांत नसते.

तुमच्या तिघी दिवसरात्र घरट्यात दडून आहेत. त्यांना समोरच्या पिंजऱ्यातून चोवीस तास एकच निरोप मिळतोय, तोही नाकावाटे. प्रयोगशाळेत भीतीचा अभ्यास करताना फेरेटच्या अंगाचा वास लागलेलं फडकं मोठ्या जातीच्या उंदरांजवळ (रॅट) ठेवतात. हे उंदीर पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले, त्यांनी शिकारी प्राणी कधी डोळ्यांनी पाहिलेलाही नसतो. तरी त्या नुसत्या फडक्याने त्यांच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरक वाढतं. तुमच्या घरी फडकं नाही, दोन जिवंत फेरेट आहेत, आणि पळायला जागा नाही. सुरुवातीची पळापळ ही सुटकेची धडपड होती. ती संपली, कारण सुटका नाही हे त्यांना कळलं. आता त्या जीव मुठीत धरून बसल्या आहेत.

मुलीने पाहिलेल्या व्हिडिओंबद्दल: दहा-वीस सेकंद एखादा फेरेट एखाद्या उंदराला नुसता हुंगतो, हे घडू शकतं. एकविसाव्या सेकंदाला काय झालं ते कोणी दाखवत नाही. फेरेटला माणसाने पाळून दोन हजार वर्षांहून जास्त काळ लोटला, आणि त्यातला बहुतेक काळ त्याला पाळलं ते सशांच्या आणि उंदरांच्या बिळात सोडण्यासाठीच. लांबट, लवचिक अंग आणि मानेवरचा एकच चावा, यासाठीच तो घडला आहे. तो दुष्ट नाही, त्याला राग आलेला नसतो. तो खेळायलाच धावेल, आणि 'मांजराचा होतो खेळ, उंदराचा जातो जीव' ही म्हण अक्षरशः तुमच्या मुलीच्या डोळ्यांदेखत खरी होईल. ११ वर्षांच्या मुलीला ते दृश्य जन्मभर पुरेल. तेव्हा दोस्तीचा विषय इथेच संपवा. हळूहळू नाही, जाळीआडून नाही, कोणी हातात धरून ठेवलंय म्हणूनही नाही.

आजच उंदरांचं बिऱ्हाड हलवा. मुलीची खोली असेल तर तिथे, नसेल तर ज्या खोलीचं दार नीट लागतं अशा कुठल्याही खोलीत, हॉलपासून जितकं लांब जमेल तितकं. दाराखालची फट बुजवा. जिथून फेरेटचं डोकं जातं तिथून सगळं अंग जातं, आणि मादीचं डोकं दोन-अडीच सेंटीमीटरच्या फटीतूनही जाऊ शकतं. रोजची कामं करताना क्रम पाळा: आधी उंदीर, मग फेरेट. उलट झालं तर हात साबणाने धुऊन कपडे बदलल्याशिवाय उंदरांपाशी जायचं नाही, कारण बाहीवरचा वाससुद्धा त्यांना पुरतो. फेरेटचं अंथरूण आणि उंदरांचं सामान एकत्र धुवायचं नाही.

दाराआड ठेवण्याजोगी दुसरी खोलीच नसेल तर मात्र एकाला जावं लागेल, आणि माझ्या मते ते फेरेटनी जावं. उंदीर आधीपासून तुमच्या मुलीचे आहेत. भाऊजींना स्पष्ट सांगा की जोडीची सोय त्यांनी करायची आहे: ओळखीचं कोणी, फेरेटची माहिती असलेलं, आणि जिथे कायद्याने ते पाळता येतात अशा ठिकाणी. न्यूझीलंडमध्ये २००२ पासून फेरेटची विक्री आणि पैदास बंद आहे, कॅलिफोर्नियात पाळायलाच बंदी आहे. आपल्याकडचा नियम काय, हे त्यांनी आधीच पाहिलं असेल अशी आशा आहे, नसेल तर तुम्ही पाहा. आणि 'रानात सोडून देऊ' असं कोणाच्या तोंडून आलं तर ते तिथेच थांबवा. पाळीव फेरेट बाहेर सुटला तर बहुधा काही दिवसांत उपाशी मरतो, आणि जगलाच तर जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा काळ होतो.

शिंकणाऱ्या उंदराचं दुखणंही मला या सगळ्यापासून वेगळं वाटत नाही. पाळीव उंदरांच्या श्वासनलिकेत मायकोप्लाझ्मा नावाचे जंतू बहुतेकदा असतातच. जनावर धडधाकट असतं तोवर ते गप्प राहतात. ताण आला, हवेत उग्र वाफ किंवा अमोनिया भरला की डोकं वर काढतात. तुमच्या उंदरांच्या वाट्याला ताणही आहे आणि दर दोन दिवसांनी जंतुनाशकाची वाफही. मुलीचा हेतू चांगला आहे, तिला रागावू नका. पण तिला हे समजावून सांगा की उंदीर आपलं घर वासाने ओळखतो. दर दोन दिवसांनी सगळं धुऊन काढलं की त्यांच्या दृष्टीने दर दोन दिवसांनी कोणीतरी त्यांना अनोळखी घरात टाकतं. मग त्या आणखी जोमाने मुतून जागा खुणावतात, आणि वास उलट वाढतो. ओला झालेला कोपरा रोज काढावा. पूर्ण सफाई आठवड्याने, तीही नुसत्या कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने, आणि घरट्यातला कोरडा, जुना मूठभर कागद परत आत ठेवावा. पिंजऱ्यात पाइन किंवा देवदाराचा भुसा असेल तर बदला, त्याच्या तेलांनी फुप्फुसांना त्रास होतो. कागदाचा लगदा किंवा धूळ नसलेलं कागदी अंथरूण घ्या आणि चांगलं दहा-पंधरा सेंटीमीटर जाड पसरा, बोगदे करता आले पाहिजेत.

त्या शिंकणाऱ्या उंदराला ओंजळीत घेऊन कानाशी धरा. छातीतून बारीक टकटक किंवा घरघर ऐकू आली तर डॉक्टरांकडे न्यायचंच, अँटिबायोटिकने बराच आराम पडतो. तिघींचंही वजन आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर, वाटीत बसवून करा आणि मुलीला वहीत लिहू द्या. उंदीर आजार लपवण्यात पटाईत असतो, अंग फुगवून कोपऱ्यात बसेपर्यंत कळू देत नाही. ३० ग्रॅमच्या जिवाचे ३ ग्रॅम गेले तर तो त्याचा दहावा हिस्सा आहे, आणि ते डोळ्यांना दिसत नाही, काट्यालाच दिसतं.

मुलीसाठी आणखी एक गोष्ट. ती त्यांना कसं उचलते ते विचारा. शेपटीला धरून उचलत असेल तर ते बंद. एक तर शेपटीची कातडी सोलवटून निघू शकते. दुसरं असं की २०१० साली लिव्हरपूल विद्यापीठातल्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी प्रयोग करून दाखवलं की शेपटीने उचलले जाणारे उंदीर माणसाच्या हाताला घाबरतच राहतात, आणि नळीत घेऊन किंवा ओंजळीत उचललेले उंदीर आपणहून जवळ येतात. तेव्हा पुठ्ठ्याची एक नळी पिंजऱ्यात कायमची ठेवा. उंदीर त्यात शिरला की दोन्ही टोकांना तळहात लावून नळीच उचलायची आणि तळहातावर त्याला बाहेर येऊ द्यायचं. नव्या खोलीत गेल्यावर पहिला आठवडा मात्र कोणी हातच लावू नका. चाक असेल तर सपाट पृष्ठभागाचं, १८ ते २० सेंटीमीटर व्यासाचं हवं. लहान चाकात पाठीला बाक येतो आणि गजांच्या चाकात पाय किंवा शेपूट अडकते. गजांमधली फट ६-७ मिलिमीटरपेक्षा मोठी नको.

आणि तुम्ही मुलीशी एकदा बसून बोलायला हवं: उंदीर जगतो साधारण दीड ते अडीच वर्षं. तिच्याकडे आल्याला आठ महिने झाले, म्हणजे या तिघींचं अर्धं वय सरत आलंय. त्यातले दोन महिने भीतीत गेले. हे तिला ओरडून सांगायचं नाही, पण लपवायचंही नाही. तिचं त्यांच्यावर प्रेम आहे, ती ऐकेल.

आता फेरेटचा वास. इथे तुम्ही मेहनत करताय आणि ती उलटी पडतेय. फेरेटच्या कातडीतून तेल सुटतं आणि त्या तेलालाच कस्तुरीसारखा उग्र वास असतो. अंघोळीने तेल धुऊन निघतं, आणि कातडी ते भरून काढायला आणखी तेल सोडते. चार दिवसांनी अंघोळ म्हणजे तुम्ही वासाचा कारखाना रात्रंदिवस चालू ठेवलाय. अंघोळ बंद करा. महिन्यातून एकदा हीसुद्धा फार झाली, अंग खरंच बरबटलं तरच घाला. वास राहतो तो त्यांच्या अंथरुणात. झोळ्या, चादरी, फडकी दर आठवड्याला धुवा, संडासाची पेटी रोज साफ करा. ते कोपऱ्याकडे पाठ करून, मागे मागे सरकत जाऊन बसतात, म्हणून पेटी कोपऱ्यातच ठेवा, आणि पाण्याने गोळा होणारी वाळू तीत घालू नका. मादी माजावर आहे तोवर वास जास्तच येणार, उपचार झाला की त्यातही फरक दिसेल. कोणी शेपटीजवळच्या ग्रंथी काढून टाकायचा सल्ला देईल. त्याने अंगाचा वास जात नाही, जनावराला नाहक कापावं तेवढं लागतं.

ताटातलं देणं आजपासून बंद. फेरेट पूर्ण मांसाहारी आहे, मांजरापेक्षाही कडक. त्याचं आतडं आखूड, त्यात अंधांत्र, म्हणजे लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावरची पिशवी, नाहीच, खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं. धान्य, फळं, दूध, गोड यातलं काहीच त्याला नीट पचवता येत नाही. गोडाची आवड मात्र भारी असते, म्हणूनच भाऊजींना वाटलं की तो काहीही खातो. फेरेटमध्ये स्वादुपिंडात गाठी होऊन रक्तातली साखर घसरण्याचा आजार फार आढळतो, आणि त्या प्राण्याला गोडाधोडाची सवय लावणं म्हणजे विस्तवाशी खेळ. प्राणिज प्रथिनं ३५ टक्क्यांच्या आसपास किंवा वर, चरबी १८-२० टक्के, तंतू अगदी कमी असं फेरेटचं किंवा मांजराच्या पिल्लांचं चांगलं खाद्य द्या. कुत्र्याचं नको. दिवसातून आठ-दहा वेळा ते थोडं थोडं खातात, म्हणून वाटी कधी रिकामी ठेवू नका. अन्न बदलताना हट्टीपणा दिसेल, लहानपणी ज्याचा वास ओळखीचा झाला तेच त्यांना अन्न वाटतं. दोन-तीन आठवडे जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत न्या.

उंदरांच्या शांततेवरून मी एवढं बोलले, तर फेरेटच्या शांततेबद्दलही सांगायला हवं, कारण तिथे गोष्ट उलटी असते. फेरेट दिवसाचे चौदा ते अठरा तास झोपतो, आणि कधी कधी इतका गाढ की हाक मारली, हलवलं, उचललं तरी जागा होत नाही. माझ्या पहिल्या फेरेटला मी असं उचललं तेव्हा त्याची मान माझ्या मनगटावरून ओल्या फडक्यासारखी लोंबली. माझे हातपाय गळाले. मी त्याला छातीशी धरून दारापर्यंत धावले, आणि तिथे त्याने तोंड उघडून एवढी मोठी जांभई दिली की आतले सगळे सुळे दिसले. ही झोप निरोगी असते. अंग ऊबदार, हिरड्या गुलाबी, छाती हलतेय, आणि मिनिट-दोन मिनिटांत जाग आली तर चिंता नको. मात्र जागा असूनही शून्यात बघत उभा राहिला, तोंडातून लाळ, पंजाने तोंड ओरबाडतोय, मागचे पाय लटपटतायत, तर साखर घसरली असू शकते. तेव्हा बोटावर मध घेऊन हिरड्यांना चोळा आणि दवाखाना गाठा.

दुसरी गोष्ट मला सांगायला जड जाते. माझ्या एका फेरेटने चपलेच्या रबराचा तुकडा गिळला होता. पेरभरसुद्धा नव्हता. संध्याकाळी त्याने वाटीला तोंड लावलं नाही, दात कराकरा चावत होता, पेटीत शेवटची शी पेन्सिलच्या शिशासारखी बारीक होती. मला वाटलं, सकाळपर्यंत बघू. सकाळी तो बसलेल्या जागेवरून उठला नाही, आणि ऑपरेशन टेबलावर गेला. ती रात्र मी थांबायला नको होतं. म्हणून कळकळीने सांगते: घरात गुडघ्यांवर बसून एकदा हॉलभर फिरा. रबर, फोम, स्पंज, इअरफोनचे बोंडूक, रिमोटची बटणं, खोडरबर, सोफ्याच्या फाटक्या कुशनमधला स्पंज, सगळं उचला. फेरेट मोकळे असताना वॉशिंग मशीन लावण्याआधी आत हात घालून बघा, घडीच्या खुर्चीवर बसू नका. ज्या फेरेटने जेवण टाकलं आणि शी थांबली किंवा बारीक झाली, त्याला त्याच दिवशी न्यायचं, रात्र असली तरी.

उकाड्यालाही ते फार हळवे असतात. त्यांना घाम येत नाही म्हणून नुसत्या पंख्याने त्यांना गारवा मिळत नाही. तापमान २७-२८ अंशांच्या वर गेलं की सगळ्यात थंड खोली, गार फरशी, आणि टॉवेलात गुंडाळलेली गोठवलेल्या पाण्याची बाटली द्या. धापा टाकत पसरला तर पाय आणि पोट साध्या पाण्याने ओलं करा, बर्फाच्या पाण्याने नाही, आणि डॉक्टरांकडे धाव घ्या. घरात कोणाला फ्ल्यू झाला तर त्याने फेरेटपासून लांब राहावं. १९३३ साली लंडनच्या संशोधकांना माणसाच्या फ्ल्यूचा विषाणू हाती लागला तो फेरेटमुळेच, कारण आपला फ्ल्यू त्यांना जसाच्या तसा होतो. पुढे एका फेरेटच्या शिंकेने एका संशोधकालाच तो परत झाला. आपली डोकेदुखीची गोळी मात्र त्यांना कधीही द्यायची नाही, पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन दोन्ही त्यांना विष आहेत.

एवढं सगळं वाचून तुम्हाला वाटेल, फेरेट म्हणजे नुसता घोर. तसं नाही हो. पोट भरलेला, झोप झालेला फेरेट संध्याकाळी पिंजऱ्याबाहेर सोडा. पाठीची कमान करून तो तिरका-तिरका उड्या मारत येईल, भिंतीवर आदळेल, कोलांटी खाईल, आणि घशातून 'डुक डुक डुक' असा आवाज काढत राहील. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, याला झटका आला. तो त्याचा आनंद असतो. दोघांना मिळून रोज निदान तीन-चार तास असं मोकळं सोडायला हवं, घरातलं कोणीतरी लक्ष ठेवून. तुमच्या मुलीला दोस्तीची एवढी हौस आहे ना, तिला ही वेळ द्या. जुन्या पँटचा पाय कापून जमिनीवर बोगदा करून द्या, आणि तिने दुसऱ्या टोकाला बसावं. त्यानंतर हात धुवायचे, कपडे बदलायचे, आणि उंदरांपाशी दुसऱ्या दिवशी सकाळीच जायचं.

उंदीर नव्या खोलीत गेले की पहिल्या रात्री मुलीला सांगा, टिश्यू पेपरच्या दहा पट्ट्या फाडून घरट्याच्या विरुद्ध कोपऱ्यात ठेव आणि दार ओढून घे. सकाळी मोजायच्या. पहिल्या दिवशी दहाच्या दहा तिथेच असतील, कदाचित तिसऱ्या दिवशीही. ज्या सकाळी त्यातल्या चार-पाच नाहीशा झालेल्या दिसतील आणि घरट्याच्या तोंडातून कागदाचं एक टोक बाहेर आलेलं असेल, त्या सकाळी तिला कळेल की त्या रात्री त्या बाहेर आल्या होत्या.

डॉक्टर काय म्हणाले आणि मादीची सूज उतरली का, ते मला दोन ओळींत कळवा. मी वाट बघतेय.

तुमची,
ताई